रयत वलंदेजाची

परतूर, ३ डिसेंबर २०२४

सत्यशीला,

तू म्हणाल्तीस, नाना, मला फोन करू नका. मी केला न्हाई. तीन वर्षं होत आली, तुझ्या नंबरला बोट लावलं न्हाई. पण पत्र लिहू नका असं काही तू म्हणाली न्हव्हतीस, म्हणून हे लिहून राह्यलो. काल पोस्टात चौकशी केली, नेदरलँडला साधं पत्र जातं का. तिथली बाई म्हणाली, जातं की सर, पण आता कोण पाठवतं? मी म्हटलं, मी पाठवतो. बत्तीस वर्षं शाळेत पुस्तकातली मराठी शिकवली, ती शाळेतच ठेवून आलो. घरच्या माणसाला घरच्याच भाषेत लिहिणार. चुका काढू नको.

काम एका शब्दाचं हाये.

पौषात गावी, केदारखेड्याला, आपला भाट येऊन राह्यला. तुला तो आठवत असंल. तू लहान होतीस तेव्हा घोड्यावर यायचा आणि तू घोड्याला कडबा खाऊ घालायचीस. आता मोटारसायकलवर येतो, वही मात्र तीच, लाल कापडात बांधेल. तुला ठाऊकच हाये, तो दर तीन वर्षांनी येतो, सगळ्या भावकीला घोंगड्यावर बसवतो आणि मूळ पुरुषापासून नावं वाचतो. प्रत्येक नावाखाली गाव लिहिलेलं असतं, आणि तो माणूस कोणाची रयत ते लिहिलेलं असतं. जुनी पद्धत हाये, त्याच्या आज्जापासूनची.

मंग तुझ्या नावाखाली काय लिहायचं, हा प्रश्न हाये. डच हा शब्द वहीत बसत न्हाई. मी कोश काढला, चष्मा पुसला आणि दोन दिवस बसलो. आपल्या जुन्या कागदांत तुमच्या त्या लोकांना वलंदेज म्हणेल हाये. शब्दाला वजन हाये, न्हाई का? त्याचं मूळ बघितलं तर गंमतच. पोर्तुगीज लोक हॉलंडवाल्याला ओलांदेज म्हणायचे, ते ऐकून आपल्या लोकांनी वलंदेज केलं. इंग्रज हा शब्दही त्याच वाटेनं आला. म्हणजे वलंदेजांचं नाव आपण वलंदेजांना विचारलंच न्हाई. त्यांच्याशी ज्याचं वाकडं होतं त्याला विचारलं.

तर तू सांग, तिकडचे लोक स्वतःला काय म्हणतात? बराबर शब्द कळला म्हणजे भाटाला सांगता येईल.

मागच्या खेपेला वही वाचली तेव्हा मी तुझ्याबद्दल वाईट एक शब्दसुद्धा बोललो न्हाई. पाहिजे तर तुझ्या आत्याला, आक्काला विचार. एक शब्द न्हाई.

आक्का म्हणते, तुमच्या घरात नवीन माणूस आलं हाये. चांगलं झालं. इकडं बाकी ठीक. गुडघा दुखतो. कापसाचा हंगाम चालू हाये, मार्केटच्या रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग लागून राह्यली, पायी जायलाही जागा न्हाई.

नाना


परतूर, २८ डिसेंबर २०२४

सत्यशीला,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन सही घेऊन राह्यला होता दुसऱ्याच पाकिटाची, आणि त्याच्या हातात मला मेंढ्या दिसल्या. पाण्याच्या कडेला बांध, बांधावर मेंढ्या. हे कार्ड तू मुद्दाम घेतलंस, का दुकानात मिळालं ते घेतलंस? मी आधी त्यांच्या पायांकडं बघितलं. एवढ्या ओल्या रानात खूर सडत न्हाईत का? इकडं मेंढरू आठ दिवस चिखलात राह्यलं तर लंगडतं. लोकर मात्र झकास हाये.

मंग कार्ड उलटं केलं. नमस्कार न्हाई, तब्येत कशी हाये न्हाई. तू लिहिलंस, "इथले लोक स्वतःला नेडरलांडर म्हणतात, म्हणजे खालच्या जमिनीचे. डच हे इंग्रजांनी ठेवलेलं नाव. मला कंपनीत 'आपली इंडियन' म्हणतात. केदारखेड्यात मला काय समजतात ते आत्यानं सांगितलंय. एका शब्दाचं काम होतं, झालं."

मी ते चार वेळा वाचलं. आक्काला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गोरख, तुला नात झाली अन् तू तिच्या आईला शब्दाचा अर्थ विचारून राह्यला? लई शाना तू." आणि फोन ठेवून दिला.

तिचं खरं हाये. पण मला दुसरीकडून शिरताच येत न्हाई गं. मास्तर माणूस, शब्दाच्या दारातूनच आत येतो. म्हणून अजून थोडं शब्दाचंच सांगतो आणि मंग जे सांगायला पाहिजे ते सांगतो.

डच या शब्दाचंही मूळ बघितलं. फार जुन्या काळी त्याचा अर्थ होता 'लोकांचा', म्हणजे पंडितांची भाषा न बोलणारा, आपल्यातला माणूस. जर्मन लोक स्वतःला जे म्हणतात तेही त्याच मुळाचं. इंग्रजांनी आधी त्या सगळ्यांनाच डच म्हटलं, नंतर समुद्रापलीकडच्या शेजाऱ्यापुरतंच ठेवलं. आपलं तरी काय? सिंधू नदीच्या पलीकडून इराणी लोकांनी बोट दाखवलं, म्हणून आपण हिंदी झालो. तुझा आज्जा सांडू, माझा बाप, तो तर म्हणायचा आम्ही मुलकी. निजामाच्या राज्यात इथल्याला मुलकी म्हणायचे आणि बाहेरच्याला गैरमुलकी. आज कोणाला विचारलं तर मुलकी म्हणजे तहसीलातलं काहीतरी, एवढंच सांगंल. त्या शब्दासाठी कधी काळी माणसं भांडली होती, हे कोणाच्या ध्यानातही न्हाई.

आता खरं सांगतो.

मागच्या पत्रात लिहिलं की मी एक शब्द बोललो न्हाई. ते खरं हाये आणि तोच माझा गुन्हा हाये. वही वाचताना जिवंत माणसाचं नाव आलं की त्यानं 'हाये' म्हणायचं. तो गावात नसला तर त्याच्या बापानं, भावानं म्हणायचं. कोणी बोललंच न्हाई तर भाट समजतो की माणूस गेलं. चिमूटभर भंडारा त्या नावावर लावतो आणि पुढं जातो. ते नाव मंग पुन्हा वाचत न्हाईत.

तुझं नाव आलं. भाट थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं, आक्कानं बघितलं, माझा चुलतभाऊ कडूबानं बघितलं. मी जमिनीकडं बघत बसलो. भाटानं दुसऱ्यांदा वाचलं. आक्का उठून काही बोलणार होती, मी तिला हातानं खाली बसवलं. मंग भाटानं भंडाऱ्याची पिशवी सोडली.

त्याच्या दोन महिने आधी तू फोटो पाठवल्तास. नगरपालिकेच्या सभागृहात हातात तिकडच्या नागरिकत्वाचा कागद घेऊन उभी, अंगावर तुझ्या आईची इरकली. मला ती इरकली दिसलीच न्हाई. मला मागचा झेंडा दिसला. बत्तीस वर्षं दर पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी माझ्या हातात राह्यली. पोरांना ओळीत उभं करून प्रतिज्ञा म्हणायला लावली, आणि ज्यानं नीट म्हटली न्हाई त्याला पुन्हा म्हणायला लावली. तू त्या ओळीत पहिली असायचीस. आणि तूच इकडचा पासपोर्ट परत देऊन मोकळी. मी सगळ्या परतूरला सांगत फिरलो की मला देशासाठी दुःख झालं. खोटं हाये ते. मला लोकांची लाज वाटली. मार्केटात कोणी विचारंल, मास्तर, पोरीनं देश बदलला म्हणं, याची लाज.

आक्कानं तुला सांगितलं. तुझा फोन आला. तू म्हणालीस, "नाना, मी मेले का?" मी तेव्हाही गप्पच. मंग तू म्हणालीस, "मेलेल्या माणसाला फोन करू नका."

तुझी आई असती तर तिनं भाटाच्या हातातली पिशवी हिसकून घेतली असती. आणि वर मला जेवायलाही दिलं न्हसतं.

भाट अठरा जानेवारीला येतो. मी जाणार. काय होईल ते लिहीन. तुला उत्तर द्यायचं नसंल तर नको देऊ.

नाना


केदारखेडा, १९ जानेवारी २०२५

सत्या,

हे पत्र पोस्टानं पोचायला दहा दिवस लागतील आणि तेवढा वेळ न्हाई. म्हणून आक्काचा पप्पू याचा फोटो काढून तिच्या फोनवरून तुला पाठवून राह्यला. हे फोनात धरू नको. फोन मी केला न्हाई, फोटो पप्पूनं काढला.

काल सकाळी कडूबाच्या अंगणात घोंगडं टाकलं. चाळीसेक माणूस होतं. भाटबुवा आता थकले हायेत, पण आवाज खणखणीत. मूळ पुरुषापासून सुरुवात केली. एकेक नाव, एकेक 'हाये'. कडूबाच्या नातवाचं नाव पहिल्यांदाच वाचलं, तर तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की शेळ्या उठून उभ्या राह्यल्या.

माझं नाव झालं. भाटबुवा तुझं नाव ओलांडून पुढं जाणार, तेवढ्यात मी म्हटलं, थांबा. मी उठून त्यांच्यापाशी गेलो आणि पान बघितलं. भंडारा तीन वर्षांत कागदात मुरून गेला होता. पिवळा डाग, आणि डागाच्या आत तुझं नाव. मी म्हटलं, हे पुसा.

भाटबुवा म्हणाले, "मास्तर, भंडारा पुसत न्हाईत. आमच्या बापजाद्यांनी कधी पुसला न्हाई."

"मंग नवीन लिहा."

"नवीन लिहिता येतं. पन तिसऱ्यांदा लिहिता येत न्हाई. इचार करून सांगा."

कडूबा मधी पडला. तुला त्याचा स्वभाव माहीत हाये, मनात काही ठेवत न्हाई. म्हणाला, "गोरखदादा, रागवू नको. एक तं लेक, त्यात दुसऱ्याच्या घरी देल्ली, त्यात परदेशी झाली. वहीत आपली मान्सं राहू दे."

मी त्याच्याशी भांडलो न्हाई. तो आता जे बोलून राह्यला होता तेच तीन वर्षांपूर्वी मी न बोलता केल्तं. मी भाटबुवांना म्हटलं, माझ्या बापाचं नाव पुन्हा वाचा, पुरं वाचा, खालच्या ओळीसकट. त्यांनी पान मागं उलटलं.

"सांडू, केदारखेडा. रयत निजामाची, पुढं हिंदुस्थानची."

त्या 'पुढं'ची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. पोलीस ॲक्शनच्या वेळी तुझा आज्जा मेंढ्या घेऊन डोंगरात होता. तीन दिवस त्याला माणूस दिसलं न्हाई. चौथ्या दिवशी खाली आला तर लोक म्हणाले, सांडू, आता निजाम न्हाई, आता हिंदुस्थान. तो म्हणाला, बरं, आणि मेंढ्या पाण्यावर घेऊन गेला. एवढंच. त्याच्या नावावर कोणी भंडारा लावला न्हाई.

मी कडूबाला म्हटलं, माझ्या बापानं देश बदलला, त्याला आपण वहीत ठेवलं.

कडूबा काही लेचापेचा न्हाई. म्हणाला, "काकानं न्हाई बदलला. देशच बदलला. काकाला कोनी इचारलं? तुझ्या पोरीनं सोताहून, परीक्षा देऊन बदलला."

लोक माझ्याकडं बघून राह्यले. मुद्दा बराबर होता. शाळेत असतो तर पोराला शाबासकी दिली असती. मंग मला तुझं ते कार्ड आठवलं, बांधावरच्या मेंढ्यांचं. मी म्हटलं, "कडूबा, काकाला कोणी विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता? म्हणाला असता, चारा कुठं हाये ते सांगा. आपण कधी एका जागी राह्यलो? दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून आपली माणसं चारा शोधत जायची. कोणी खांदेशात, कोणी पार गोदाकाठी. आठ आठ महिने त्यांचा पत्ता न्हसायचा. तेव्हा वही वाचताना त्यांच्यासाठी घरचं माणूस 'हाये' म्हणायचं का न्हाई?"

आक्का मागून म्हणाली, "म्हनायचं. म्या म्हनल्यालं हाये. आपल्या थोरल्या दादासाठी."

मी म्हटलं, "माझी पोरगी बियाण्याच्या कंपनीत शिकली, जालन्यात. तिथनं काम तिला जिकडं घेऊन गेलं तिकडं ती गेली. मेंढ्यांमागं गेलेल्या माणसाला आपण मेलेलं समजत न्हव्हतो. मी समजलो. चूक माझी हाये, तिची न्हाई. हे मी चाळीस माणसांत म्हणून राह्यलो, ऐकून घ्या."

कडूबा तंबाखू मळायला लागला. थोड्या वेळानं त्यानं तीच चिमूट माझ्यापुढं केली, म्हणजे समज.

भाटबुवांनी नवीन ओळ घेतली. विचारलं, "रयत कोनाची?" मी डच म्हटलं न्हाई. नेडरलांडर हा शब्द चांगला हाये, त्यांचा स्वतःचा हाये, पण तो त्यांनी म्हणायचा. आपण आपल्या शब्दात लिहायचं. तू तिकडं इंडियन, इकडं वलंदेज. दोन्ही नावं दुसऱ्यांनीच ठेवली, पण हाक मारायला उपयोगी पडतात. त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं:

"सत्यशीला. रयत हिंदुस्थानची, पुढं वलंदेजाची."

मी 'हाये' म्हणालो. मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणालो.

इथं पत्र संपायला पाहिजे होतं. पण भाटबुवांनी लेखणी खाली ठेवली न्हाई. म्हणाले, "लेकरू?"

मी म्हटलं, नात हाये.

"नाव काय?"

सत्या, मला नाव ठाऊक न्हव्हतं. एवढं भाषण ठोकलं, वलंदेजाचं मूळ पोर्तुगालपर्यंत शोधत गेलो, आणि नातीचं नाव मला ठाऊक न्हाई. चाळीस माणसं बघून राह्यली. मी आक्काकडं बघितलं. तिला ठाऊक हाये, मला माहीत हाये की तिला ठाऊक हाये. ती पदर तोंडाला लावून बसली. नंतर चुलीपाशी मी विचारलं तर म्हणाली, "माझ्याकून घ्यायचं न्हाई. जिला मारलं तिलाच इचार."

भाटबुवांनी तुझ्या नावाखाली जागा सोडली हाये. ते आज शहागडला गेले, तिकडच्या भावकीची वही वाचायला. पंचवीस तारखेपर्यंत तिथंच हायेत. त्यानंतर वही कापडात बांधली की थेट तीन वर्षांनी सुटंल. मी सत्तरीचा झालो, तीन वर्षांचा भरवसा मी कोणाला देत न्हाई.

तू सांगितल्याशिवाय मी फोन करणार न्हाई. पण तुझा आला तर पहिल्या घंटीला उचलीन. आणि या खेपेला गप्प बसणार न्हाई. मला माफ कर पोरी. ते आधी लिहायला पाहिजे होतं, शेवटी आलं.

नाना


शहागड, २५ जानेवारी २०२५

चि. फेम्का हिला,

अनेक आशीर्वाद. तू सात महिन्यांची हायेस, त्यामुळं हे पत्र तुला तुझी आई वाचून दाखवंल. तिला सांग, मराठीत वाचायचं, वलंदेजीत न्हाई.

तुझा आवाज परवा फोनवर ऐकला. तुझी आई पहिली पाच मिनिटं नुसती रडत होती, मी बी तसाच. तेवढ्यात तू मधीच ओरडलीस म्हणून आम्ही दोघं बोलायला लागलो. तुझं नाव मी कागदावर लिहून घेतलं, फे-म्-का, आणि एसटीत बसल्या बसल्या घोकत आलो. शेजारच्या माणसानं विचारलं, औषधाचं नाव हाये का? मी म्हटलं, नातीचं.

भाटबुवा इथं नदीकाठच्या धर्मशाळेत उतरले हायेत. त्यांनी तीन वेळा विचारलं, मास्तर, बराबर सांगा, असं नाव आमच्या वहीत न्हाई. मी म्हटलं, आता हाये. त्यांनी जपून लिहिलं. सांडू, त्याच्या पुढं गोरक्षनाथ, त्याच्या पुढं सत्यशीला, त्याच्या पुढं फेम्का. 'रयत कोनाची' विचारलं, तर मी म्हटलं, ती जागा मोकळी ठेवा. पोरगी मोठी झाली की तिचं ती सांगंल.

मंग रीतीप्रमाणं त्यांनी वाचून दाखवलं. तिथं मी, भाटबुवा आणि एक चहावाला, तिघंच होतो. तुझं नाव आलं आणि तुझ्या वतीनं मी म्हणालो. चहावाल्यानं वळून बघितलं, एवढ्या मोठ्यानं म्हणालो.

पुढच्या खेपेला तू साडेतीन वर्षांची असशील. तुझ्या आईनं कबूल केलंय की तुला केदारखेड्याला आणंल. तेव्हा घोंगड्यावर माझ्या मांडीवर बसायचं. मी नसलो तर आत्याआज्जीच्या मांडीवर बस. भाटबुवा नाव वाचतील तेव्हा घाबरायचं न्हाई, लाजायचं न्हाई. एकच शब्द म्हणायचा, आणि तो आजपासून आईकडून शिकून ठेव.

हाये.

तुझा आज्जा,
गोरक्षनाथ